आमची वाटचाल : खर्ची, सूत आणि बारा-पाचचा हिशेब

1979 साली दादांनी, म्हणजे वडिलांनी, इचलकरंजीत भाड्याच्या शेडमध्ये चार यंत्रमाग टाकले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपल्या हाती फक्त पिकावरची, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने मिळणारी मजुरी. खर्चीवाले म्हणायचे आम्हाला. 1994 मध्ये दादांनी स्वतःच्या पैशाने सुताची पहिली बाचकी उचलली आणि दारावरच्या पाटीत 'उत्पादक' हा शब्द घालून घेतला. पेंटरने तो 'ऊत्पादक' असा लिहिला. पाटी अजून तशीच आहे.

माल एकच : शाळेच्या गणवेशाचं चौकडीचं कापड, पॉलिस्टर-व्हिस्कोस या कृत्रिम धाग्यांचं, रंगीत सुतातलं. त्यासाठी ड्रॉपबॉक्सचे माग लागतात. धोट्यांची पेटी वर-खाली होते आणि प्रत्येक रंगाचा धोटा, आडवा धागा नेणारा, आपल्या पाळीला सुटतो. पेटी केसभर खाली बसली तरी धोटा उडतो. माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरच्या कपाळावर त्याची खूण आहे. दादांचं पितळी भिंग मी अजून वापरतो. कापडावर ठेवायचं, सुईच्या टोकाने इंचातले धागे मोजायचे. 48 च्या जागी 46 भरले तर दादा ताका बाजूला काढायचे, गिऱ्हाईक काही बोलो वा न बोलो.

पुढची तेवीस वर्षं माग चालले, चाराचे सोळा झाले. 2003 च्या बजेटात कापडावर एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क आलं, गावाने बंद पाळले, पुढच्या वर्षी ते ऐच्छिक झालं. बस, एवढंच.

नोटबंदीने पेठेतली वसुली आधीच लांबली होती. त्यात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तोवर आमच्या कापडाला विक्रीकर माहीत नव्हता. कर लागला याचं दुःख मी करत नाही. दुःख आहे ते उलट्या दरांचं. आमच्या सुतावर 18 टक्के आणि कापडावर 5. महिन्याला दहा लाखांचं सूत घेतलं की एक लाख ऐंशी हजार कर आधी मोजायचा. त्याचं कापड पंधरा लाखांचं, त्यावर कर पंचाहत्तर हजार, तो आधी मोजलेल्या करातून वळता. उरलेले एक लाख पाच हजार जीएसटीच्या पोर्टलवर माझ्या नावावर जमा, पण कामगाराचा पगार त्यातून होत नाही. इतर बऱ्याच धंद्यांत असा अडकलेला कर परत मिळायचा. कापडाला मात्र परतावा नाही, असं अधिसूचनेतच लिहिलेलं. ऑक्टोबरात सूत 12 वर आलं, तरी महिन्याला पंचेचाळीस हजार अडकतच होते. शेजारी सुती कापड करणारे निवांत. त्यांना सूतही पाच, कापडही पाच.

आणि समोरच्या शेडवाला. त्याचं नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. तो कच्च्या पावतीवर सूत आणायचा आणि कच्च्या पावतीवरच कापड द्यायचा. माझ्यापेक्षा मीटरला तीन रुपये कमी. चहाच्या गाड्यावर मला म्हणाला, "तुम्ही बिलं फाडत बसा." माझी तीन गिऱ्हाइकं त्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेली. त्यांतली दोन आता परत यायला बघतात. मी रोख मागतो.

जानेवारी 2018 पर्यंत साडेचार लाख अडकले, बँकेची सीसी, म्हणजे उचलीची मर्यादा, भरली, दहा माग बंद उभे. दिवाणजींनी सोमवारी बाचकी आणायला पैसे नाहीत असं सांगितलं. तेव्हा सोलापूरच्या अण्णांचा फोन आला. गणवेश शिवून विकणारे, 1996 पासूनचं गिऱ्हाईक. "देणं किती झालं ते सांगू नका," म्हणाले, "सूत किती लागतं ते सांगा." सूत त्यांनी स्वतः घेतलं आणि माझ्याकडे विणायला टाकलं. तयार कपड्यांना परतावा मिळत होता, त्यामुळे तोच बारा टक्के त्यांना जड नव्हता. मी मात्र चोवीस वर्षांनी पुन्हा खर्चीवाला झालो. दादा तेव्हा हयात होते. शेडमध्ये आले, भिंग मागितलं, धागे मोजले आणि काही न बोलता घरी गेले.

1 ऑगस्ट 2018 पासून कापडालाही परतावा सुरू झाला. मात्र 31 जुलैपर्यंतचं साठलेलं क्रेडिट, म्हणजे तो पोर्टलवर जमा कर, बुडालं. मजुरीवरच्या करात थोडं वळतं झालं होतं, उरलेले सव्वातीन लाख पाण्यात. 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हे बुडवणं चूक ठरवलं, पण तोवर आम्ही ते क्रेडिट हिशेबातून काढून टाकून बसलो होतो. वकिलाची फी ऐकून मी नाद सोडला.

नव्या पोरांना सांगतो : दर महिन्याला 2बी, म्हणजे आपल्या खरेदीवरचं क्रेडिट दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता, स्वतः उघडून बघा, सल्लागारावर सोडू नका. सूतवाल्याने रिटर्न भरलं नाही तर त्याचं शेवटचं पेमेंट अडवून ठेवा. आणि 2024 मध्ये लहान उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायच्या नियमाला आयकराचा चाप लागला तेव्हा व्यापारी 'उद्यम नोंदणी', म्हणजे लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद, 'काढून टाका' म्हणत होते. मी काढली नाही, तुम्हीही काढू नका.

आता आठ माग आहेत. आठ भंगारात किलोवर गेले. त्या भंगारावर 18 टक्के कर लावून बिल फाडलं, तेव्हा दिवाणजी हसले.

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, आमचं सूत 12 वरून 5 वर आलं. दुपारीच अण्णांच्या मुलाचा फोन. "काका, सात टक्के कमी झाले, मीटरला चार रुपये सोडा." त्याला समजावलं की परतावा मिळायला लागल्यापासून तो बारा टक्के माझ्या खर्चात नव्हताच, फक्त दोन-तीन महिने अडकून पडायचा, कापडावर पाच होते, पाचच आहेत. तो म्हणाला, "बघा काहीतरी." खंडेनवमीला मागांची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच दराने बिल करून गाडी सोलापूरला लावली. पेमेंट नवव्या दिवशी आलं. पूर्ण.