वीरगळ नोंद : तिरपा उजेड आणि जमिनीत गेलेला तळ

देवळाच्या आवारातल्या वीरगळांची, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, मापं आणि छायाचित्रं झाली आहेत. त्रिमितीय प्रतिकृतींचं काम चालू आहे, रेखाटनं बाकी.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. तळाशी गाई असल्या तर गोधन राखताना आलेलं मरण; बोरिवलीजवळच्या एकसरला तिथे वल्हवलेली जहाजं आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. माणूस कशात गेला हे सांगणारी जागा ती तळाची चौकटच, आणि नेमकी तीच मातीत किंवा नव्या फरशीखाली जाते. तरीही खणायचं नाही. दगड कलतो आणि भोवतालच्या थरांचा पुरावा कायमचा मोडतो. तक्त्यात ‘जमिनीवरची उंची’ आणि ‘दिसणाऱ्या चौकटी’ असे रकाने ठेवा, नाहीतर चार चौकटींचा दगड तीन चौकटींचा म्हणून नोंदला जातो.

सगळ्यात जास्त फरक उजेडाने पडतो. झिजलेल्या काळ्या बसाल्टवर समोरून ऊन आलं की कोरीव काम सपाट दिसतं. अंधार पडल्यावर कॅमेरा तिवईवर ठेवा. आयएसओ 100, एफ/8, दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी 10 ते 20 अंशांत, दगडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर धरा. जवळ धरला की एक कड पांढरी फटक होते आणि दुसरी काळोखात जाते. डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या. खालून उजेड टाकलेला फोटो मुख्य म्हणून वापरू नका : डोळा उजेड वरूनच येतो असं धरतो, म्हणून उठाव खोलगट वाटतात. मोजपट्टी दगडाच्या पृष्ठभागाच्याच पातळीत हवी. पुढे जमिनीवर ठेवलेल्या पट्टीने माप चुकतं.

प्रतिकृतीसाठी मात्र ढगाळ दिवस उत्तम. तीन उंचींवरून, दर 10-15 अंशांनी, शेजारच्या फोटोंत 70 टक्के तरी भाग सामाईक. मोकळ्या उभ्या दगडाला साधारण शंभर फोटो लागतात. तेल, शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तिथे चकाकी कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि मेशरूमसारखं, फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती बनवणारं सॉफ्टवेअर तिथे खोटे उंचवटे आणि भोकं तयार करतं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा, बाकी हात लावू नका. ती चालती पूजा आहे. खडू, पीठ, तारेचा ब्रश, ॲसिड वर्ज्य. खडूने तर पाहणाऱ्याचा अंदाजच दगडावर रेघ म्हणून उमटतो, आणि पुढचा अभ्यासक तीच रेघ खरी मानतो. कोरडा मऊ ब्रश पुरे.

बाजूंच्या कडाही तपासा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर सतीची खूण, कधी वीरासोबत एकाच दगडावर. गधेगाळ शेजारी उभा असला तरी स्मारकांत मोजू नका. तो दानपत्राचा शापदगड आहे, दान मोडणाऱ्याला शाप देणारा.

जीपीएसच्या पुढे ‘मूळ जागा की हलवलेला’ हे लिहा. जीर्णोद्धारात शेतातले दगड देवळात आणलेले असतात आणि कुठून आणले हे गावातल्या वयस्कर मंडळींनाच ठाऊक असतं. ते आधी विचारून घ्या, दगड कुठे जाणार नाही.

रेखाटनात स्पष्ट दिसणारी रेघ अखंड, अंदाजाची तुटक. शस्त्रांच्या टोकांपासून सुरुवात करतोय, कारण झीज तिथेच जास्त आहे.