तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवरच्या जनाज्यात मी का सामील झालो नाही

गावी गेलो की कुणीतरी विचारतंच. बाबांच्या जनाज्याचा, म्हणजे दफनाआधीच्या नमाजाचा, व्हिडिओ कॉल समोर चालू होता, मग कुवेतहून त्याच इमामामागे नीयत बांधून नमाजात सामील का झाला नाहीस? हल्ली सगळंच ऑनलाइन चालतं, एवढ्यानं काय बिघडलं असतं?

बिघडलं असतं. आपण शाफई पंथाचे. इमामामागे उभं राहायचं तर जागा एक हवी. मोकळ्या मैदानातसुद्धा आपल्या फिकहनं, म्हणजे धर्मशास्त्रानं, अंतराची हद्द घातलीय, साधारण 300 हात. दूरच्या मय्यतीवर, ती समोर नसताना, गायबाना नमाज पढायची मुभा मात्र आपल्याकडे आहे. हबशाच्या (अबिसिनियाच्या) राजावर, नजाशीवर, रसूलुल्लाहांनी, म्हणजे पैगंबरांनी, ती मदिन्यात पढली. हनफी पंथाच्या लोकांना तेवढीही वाट नाही. मला होती, मी ती धरली.

एप्रिल 2020. विमानं बंद. कुवेतच्या मशिदी मार्चपासूनच बंद, अजानमध्येच ‘घरी नमाज पढा’ अशी हाक. गावी मयतीला वीसच माणसांची परवानगी. चुलतभाऊ म्हणाला, “भाई, फोन सफीत, नमाजाच्या रांगेत ठेवतो, तू तिकडून उभा राहा.” मी नको म्हटलं. एवढंच विचारलं, “गुसल झालं ना?” मय्यतीला अंघोळ घालण्याआधी गायबाना पढता येत नाही. “झालं.” स्क्रीनवर चिऱ्याची भिंत, पाठमोऱ्या टोप्या, मध्येच कुणाचं तरी कोपर. दुसऱ्या तकबिरीला, ‘अल्लाहू अकबर’च्या पुकाऱ्याला, चित्र अडकलं. फोन पालथा ठेवला आणि रूममेटला घेऊन चार तकबिरी पढलो. तिसरीनंतरची दुआ पोरपणापासून पाठ, तरी अडखळलो. नेटवर्क गेलं म्हणून मी असं केलं, असं कृपा करून म्हणू नका. माझं आधीच ठरलं होतं.

मग कुराण मोबाइलवर कसं वाचतोस, किब्ला, नमाजाची दिशा, ॲपवर कसा बघतोस? वाचतो, बघतो. मशिदीतलं छापील वेळापत्रक कशाला हवं, म्हणून बाबांशी वाद घालायचो तो मीच. तो जुना मी आजही विचारतो: तिसऱ्या मजल्यावर नुसत्या स्पीकरच्या आवाजावर नमाज पढणाऱ्यांना तरी इमाम कुठे दिसतो? ते एकाच मशिदीत असतात, हे माझं उत्तर. मसला म्हणून, धर्माचा नियम म्हणून, ते पक्कं आहे.

आईला मसला ठाऊक आहे. तरी म्हणते, “एकुलता एक पोरगा. फोनमध्ये का होईना, सफीत असतास.” तिला काय सांगायचं, मला अजून सुचलेलं नाही.