पाणी येईपर्यंतचे भाग

आमच्या भागात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येते, आणि त्याची वेळ बहुधा रात्रीची असते. त्यामुळे नळ उघडा ठेवून, त्यातून आधी येणाऱ्या हवेच्या फुसफुसाटाकडे कान लावून जागत बसणे, हे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. गेल्या महिन्यात अशाच एका रात्री वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर एक रहस्यमय वेब सीरिज लावली. पाणी सव्वाएकला आले आणि अडीचपर्यंत टाकी भरली. मी मात्र पहाटे पाचला, सहावा भाग संपल्यावर उठलो. जागण्याचे कारण केव्हाच भरून वाहून गेले होते आणि जागरण तेवढे शिल्लक राहिले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जांभया देताना मला साखर पेठेतल्या आमच्या जुन्या शेजारीण अक्का आठवल्या. अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूची पाने आणि समोर टीव्ही, अशी त्यांची बैठक दुपारच्या तेलुगू मालिकांपासून रात्रीच्या मराठी मालिकांपर्यंत, मध्ये स्वयंपाकापुरती मोडून, रोज चालायची. तासांचाच हिशेब मांडला, तर माझ्या त्या रात्रीपेक्षा अक्कांचा कोणताही साधा मंगळवार मोठा भरेल. तरीही त्यांना टीव्हीचे वेड आहे, असे गल्लीत कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्या मालिका पाहत नसत, ऐकत असत. पान गुंडाळून त्याचे तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा, एवढ्या वेळात नजर सुपातच असायची. पार्श्वसंगीत एकाएकी चढले, की त्या मान वर करायच्या, कोणाच्या कानशिलात बसली ते पाहायच्या आणि पुन्हा खाली बघायच्या. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली असल्यामुळे दिवस कधी संपला हे हजारी ठरवायची, मालिका नव्हे.

मालिकांची रचनाही अशा श्रोत्यांना ओळखून केलेली असावी, असे मला आता वाटते. तीच गोष्ट तीन वेळा सांगायची, प्रत्येक पात्राने मनातले मोठ्याने बोलायचे, या ज्या गोष्टींची आपण टिंगल करतो, त्यांच्यामुळेच हात गुंतलेल्या बाईला कथेचा धागा सापडत असे. वेब सीरिजचे तसे नाही. तिच्यात अर्धी गोष्ट कोणाच्या तरी नजरेत किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात असते, आणि कोरियन वगैरे काही लावले तर खालची अक्षरे वाचण्यावाचून गत्यंतर नसते. ती आधी हात रिकामे करून घेते.

शिवाय थांबण्याची जागाही तिने काढून टाकली आहे. २०१२ मध्ये नेटफ्लिक्सने एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय केली, आणि १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकदम खुले केले. त्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये तर आपली स्पर्धा झोपेशी आहे असे म्हणाले होते. ते मला उगाच प्रामाणिक वाटतात. निदान माझ्यापुरते तरी त्यांनी खोटे सांगितलेले नाही.

अक्कांना हातातल्या कामाविना मालिका पाहण्याची वेळ एकदाच आली. २०२० च्या टाळेबंदीत विडी कारखाने बंद झाले, आणि त्याच सुमारास, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ सकाळी आणि रात्री असे रोज दोनदा दाखवायला सुरुवात केली. १९८७ मध्ये रविवारी एक याप्रमाणे सुरू झालेली आणि दीड वर्ष पुरलेली ती मालिका या वेळी तीन आठवड्यांत संपली. मी फोनवर विचारले, ‘‘अक्का, आता काय, मज्जा आहे तुमची?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कसली मज्जा रे! रिकाम्या हातानं बसलं की डोळाच लागतो. राम वनात गेला तेवढा बघितला, परत कधी आला ते कळलंच नाही.’’ त्यांना विड्या जागे ठेवत होत्या आणि मालिका विड्यांना सोबत करत होती. मजुरी बुडाल्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढला, आणि मग मालिकेचे नाव निघाले नाही.

हे सगळे आठवून मागच्या पाण्याच्या रात्री मी हातांना काम द्यायचे ठरवले. चटणीसाठी आणलेल्या शेंगा फोडायला घेतल्या आणि मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. आवाजावर गोष्ट कळेना, म्हणून दोनदा मागे जावे लागले, आणि तिसऱ्यांदा मी सरळ पडद्याकडेच पाहू लागलो. पाणी पावणेदोनला आले. तोवर तीन भाग झाले होते, टरफलांचा चांगला ढीग साचला होता, आणि वाटीत दाणे मात्र मूठभरच उरले होते.