परवा तुमची तारीख

८ मे २०२१, शनिवार

आज लेकीची रक्त चढवायची तारीख होती. सकाळी नाशिकच्या सिडकोतून निघालो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्र्यंबक नाक्याला पोलिसांनी अडवलं, मी थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या मंडळाचं पत्र काढलं, त्यांनी स्कूटीवर मागे बसलेल्या लेकीकडे एकदा बघितलं आणि जा म्हणाले. आता घरी आलोय, ती वरणभात खाऊन झोपलीय आणि कानाच्या पाळ्या परत गुलाबी झाल्यात. मी कायम पाळ्याच बघते तिच्या. त्या पिवळट पडायला लागल्या की एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ९च्या आसपास आलं समजायचं, रिपोर्ट नंतर येतो.

आज जागतिक थॅलेसेमिया दिन पण आहे. एरवी मंडळाचा कार्यक्रम असतो, मुलं नाच बसवतात, यंदा सलग दुसऱ्या वर्षी नाही. म्हणून म्हटलं आज बसून लिहावंच, या सव्वा वर्षात मंडळ नसतं तर आमचं काय झालं असतं.

लेक ११ वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर. तिच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, त्यामुळे सात महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून जे लोह साठत जातं ते काढायला रोज गोळी, पाण्यात विरघळवून उपाशीपोटी. यात सुट्टी नाही. गेल्या वर्षी २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५पासून लॉकडाऊन, सगळे म्हणत होते घरातच थांबा, आणि मी कॅलेंडर बघत बसलेली, कारण तिची तारीख त्याच आठवड्यात होती.

रक्तदान शिबिरं होतात कुठे, कॉलेजात, कंपन्यांत, गणपती मंडळांत. ती सगळी एका रात्रीत बंद. आधीच भरून ठेवू म्हटलं तरी लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकते. त्यात आमचा ग्रुप बी निगेटिव्ह. एका रक्तपेढीत मला सरळ सांगितलं, डोनर आणा मग पिशवी देतो. थॅलेसेमियाच्या मुलांना बदली डोनर न मागता आणि पैसे न घेता रक्त द्यायचं हा नियम आहे, मला तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी काउंटरवर उभं राहून मला बोलताच येईना, रडूच आलं.

रात्री साडेनऊला काकांचा फोन. काका म्हणजे आमच्या मंडळाचं काम बघतात ते, बँकेतून रिटायर झालेले, त्यांचा मुलगाही याच आजाराचा. म्हणाले, "ताई, परवा तुमची तारीख आहे ना? डोनर मिळालाय, इंदिरानगरचा मुलगा आहे, उद्या सकाळी मी त्याला घेऊन जातो, तुम्ही फक्त पोरीला घेऊन या." मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं!

त्यांची ती वही मी नंतर बघितली. लांबट, दुकानदार वापरतात तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. एका बाजूला मुलांची नावं, रक्तगट, मागची तारीख, पुढची तारीख. दुसऱ्या बाजूला डोनर, त्याने शेवटचं रक्त कधी दिलं, परत कधी चालेल, कारण पुरुषाला ३ महिने थांबावं लागतं आणि बाईला ४. लेकीच्या नावापुढे लाल पेनाने गोल केलेला, निगेटिव्ह म्हणून. ते रोज रात्री वही उघडायचे आणि ज्यांची तारीख दोन दिवसांवर आलीय त्यांना फोन लावायचे. आपल्या पोरीची तारीख आपल्याशिवाय अजून कुणाच्यातरी डोक्यात आहे, या एका गोष्टीवर मी तेव्हा झोपू शकले, खरंच.

सुरगाणा, इगतपुरी, सिन्नर, तिकडच्या मुलांचे हाल आमच्याहून जास्त होते, एसटी बंद. मंडळाने पोलिसांकडून पास काढले, दोन पोरं आपापल्या गाड्या घेऊन जायची आणि मुलांना डे-केअरला, म्हणजे रक्त चढवून त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डला, आणून परत सोडायची. एप्रिलमध्ये गोळ्याच संपल्या, नाशिकच्या कुठल्याच मेडिकलमध्ये नाहीत, तर मुंबईला भाजी घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्याला काकांनी गाठलं, परत येताना गाडी रिकामीच यायची त्यात गोळ्यांचं खोकं आलं. तोपर्यंत ज्यांच्याकडे जास्त होत्या त्यांनी चार-चार, सहा-सहा काढून दिल्या. आमच्याकडे आलेल्या पाकिटावर दुसऱ्याच मुलाचं नाव होतं, ते पाकीट मी अजून ठेवलंय. ज्यांचे सातपूरचे जॉब गेले त्यांच्या घरी किराणा पण पोचला, कुणाचा फोटो न काढता, हे मला फार आवडलं.

यंदा तर अजून अवघड. २१ एप्रिलला शहरातल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनची टाकी गळाली, इतकी माणसं गेली, त्यानंतर हॉस्पिटलचं नाव काढलं तरी आई-वडील घाबरायचे आणि काहींनी तारीख पुढे ढकलायला सुरुवात केली. मंडळाने लगेच डॉक्टरांसोबत व्हिडिओ कॉल ठेवला. डॉक्टरांनी समजावलं की रक्त लांबवलं तर हार्टवर ताण येतो, डे-केअर कोविड वॉर्डपासून वेगळं आहे, ताप आला तर मात्र आधी फोन करा, मनानेच घेऊन येऊ नका. ऐकून लोक परत यायला लागले.

आणि मग लस. मार्चमध्ये नियम आला की लस घेतल्यावर २८ दिवस रक्त देता येणार नाही, आता तो १४ दिवसांवर आणलाय, पण १ मेपासून १८ वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना लस सुरू झाली आणि रक्त देणारी तर हीच तरुण पोरं! लस घ्यायलाच हवी, त्यात वाद नाही, फक्त आधी रक्त देऊन जा, एवढंच मंडळ एकेकाला फोन करून सांगतंय. काका स्वतः गेल्या महिन्यात पॉझिटिव्ह होते, घरीच होते, तर वही त्यांच्या सूनबाईंकडे गेली. मला फोन त्यांचाच आला गुरुवारी, अगदी तेच शब्द, "ताई, परवा तुमची तारीख."

आज डे-केअरमध्ये दुसरी पिशवी चालू असताना लेकीने विचारलं, आई हे कुणाचं रक्त आहे गं? मी म्हटलं माहीत नाही बाळा. ती थोडा वेळ नळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, त्याला थँक्यू सांगायला सांग काकांना.

पुढची तारीख २९ मे. पंचवटीतला एक मुलगा आहे, बी निगेटिव्ह, २७ला सकाळी येतो म्हणालाय. लसीचं त्यानंतर बघणार आहे.