क्रॉलर उतरणीवर ताब्यात आणताना

आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवरून हळूहळू जाणारी छोटी गाडी, दगडावर चढवायची कशी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उतरवायची कशी, हे मला बहुतेक स्वतःच शोधावं लागलं. माझी गाडी एकास दहा मापाची, वजन अडीच किलोच्या आसपास. चोरल नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडे पडणारे काळे दगड ती सहज चढायची. उतरताना मात्र निम्म्यावर आली की वेग धरायची आणि पुढची चाकं खाचेत अडली की मागून उलटायची. आपल्या इंदूरच्या आसपास सगळा बेसाल्ट, कडा धारदार. तिथे एक कोलांटी म्हणजे बॉडीला चीर ठरलेली.

या गाडीला वेगळा ब्रेक नसतो. रिमोटचा ट्रिगर सोडला की ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) मोटरची दोन टोकं आतल्या आत जोडतो, आणि मोटर जनरेटरसारखी वागून स्वतःच्याच फिरण्याला विरोध करते. हाच ड्रॅग ब्रेक. एखादी सुटी ब्रश मोटर (खेळण्यांत असते तशी साधी) घ्या, तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. घट्ट पाकात कालथा फिरवताना लागतो तसा जोर लागतो. वायरी सोडल्या की शाफ्ट पुन्हा मोकळा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि वेग शून्य असेल तर विरोधही शून्य. म्हणून उभ्या उतारावर अशी गाडी पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत राहते. किती हळू, एवढंच आपल्या हातात असतं. हे मनाशी पक्कं झाल्यावर पुढचं सगळं काम सोपं झालं.

आधी साध्या तपासण्या केल्या. गाडी स्टँडवर ठेवून रिमोट चालू केला आणि चाक हाताने फिरवलं. ते अडायला हवं. ट्रिमचं, म्हणजे ट्रिगरचा शून्य ठरवणारं, बटण पिशवीत घासून एखाद-दोन खाचा सरकलं, तर ईएससीला वाटतं ट्रिगर किंचित दाबलेलाच आहे, आणि ब्रेक लागतच नाही. त्यामुळे दगडावर ठेवण्याआधी मी दर वेळी हे चाक फिरवून बघतो. मग पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, बारीक स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर नीट बसलाय का ते पाहिलं. शेवटी स्लिपर क्लच, म्हणजे फार जोर आला की घसरून गिअर वाचवणारा भाग. तो सैल असेल तर मोटर जागच्या जागी धरून राहते आणि चाकं खुशाल फिरतात, वरून मात्र दोष ब्रेकचाच वाटतो.

माझ्या गाडीत हे तिन्ही ठीक होतं. म्हणून गच्चीवर एक फळी साधारण ४० अंशांत टेकवली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि एक मीटरच्या दोन खुणा केल्या. ट्रिगरला हात न लावता गाडी सोडायची आणि मोबाइलवर वेळ बघायची. पहिलं माप तीन सेकंदांचं आलं. दगडावर हा वेग फार झाला.

इथे गिअरचं गणित कामी येतं. गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे, तो वाढवला की चाकाच्या त्याच वेगाला मोटर जास्त फिरते, म्हणून जास्त विरोध करते. शिवाय तो विरोध चाकापर्यंत पोचताना पुन्हा रेशोइतकाच वाढतो. म्हणजे ब्रेक रेशोच्या वर्गाने वाढतो. २० दात्यांचं पिनियन काढून १२ दात्यांचं बसवलं. वरचा वेग साठ टक्क्यांवर आला, पण ब्रेक पावणेतीन पटींहून किंचित जास्त झाला. फळीवर तोच मीटर उतरायला आठ सेकंदांच्या वर लागले. पिनियन घेताना स्पर गिअरचं (पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरचं) पिच, म्हणजे दात्यांचं माप, बघून घ्यावं, ते दोन्हीचं एकच असायला हवं, आणि भोकाचं मापही शाफ्टशी जुळायला हवं. ५४० मापाच्या नेहमीच्या मोटरचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा असतो. बसवताना दोन्ही गिअरमध्ये वर्तमानपत्राची पट्टी सरकवायची, मोटर तिच्यावर टेकवून स्क्रू आवळायचे, आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. फट जास्त राहिली तर ब्रेक पकडण्याआधी गाडी तेवढी पुढे झेपावते.

‘जास्त टर्नची मोटर टाका’ हा सल्ला मला सगळ्यांकडून मिळाला. टर्न म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे. माझं मत वेगळं आहे. टर्न वाढले की मोटर जास्त विद्युतदाब निर्माण करते हे खरं, पण तार लांब आणि बारीक झाल्याने तिचा अवरोधही वाढतो, आणि ब्रेकच्या दृष्टीने दोन्ही जवळपास फिटतात. जास्त टर्नने ट्रिगर मऊ होतो, चढताना फायदा होतो. उतरणीसाठी पैसे आधी पिनियनवर घालावेत, तेही सगळ्यात स्वस्त. बॅटरी टू-एस (दोन सेलची) आहे की थ्री-एस (तीन सेलची), याने या ब्रेकला काही फरक पडत नाही.

तरीही चोरलला गाडी अधूनमधून उडी मारायचीच. कारण सापडलं ते भाच्याला. तो मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करत होता. म्हणाला, “मामा, तुम्ही ट्रिगर सोडता तेव्हा ती नीट येते. जरासा दाबला की सुटते.” व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, अगदी तसंच होतं. साध्या ब्रश ईएससीत ब्रेक फक्त ट्रिगर शून्यावर असताना लागतो. किंचित दाबला की तो मोटरला करंटचे ठोके द्यायला लागतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात मोटर मोकळी असते. सपाटीवर हे कळतही नाही. उतरणीवर गाडीचं वजनच चाकं फिरवत असतं, त्यामुळे ब्रेक सुटला की ती ट्रिगरने मागितलेल्या वेगाच्याही पुढे निघून जाते. बोट कितीही सवयीचं झालं तरी यावर इलाज नाही, कारण मधली पायरीच तिथे नसते.

ही मधली पायरी मिळते ती सेन्सर असलेल्या ब्रशलेस मोटरमध्ये, ईएससी एफओसी पद्धतीचा, म्हणजे मोटरच्या स्थितीनुसार करंट सतत जुळवून देणारा, असेल तर. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) या क्षणी कुठे आहे ते सेन्सर सांगतो, आणि गाडी मागितल्यापेक्षा पुढे पळायला लागली की ईएससी तिला मागे ओढतो, ट्रिगर दाबलेला असतानाही. मी हॉबीविंग कंपनीचं फ्यूजन घेतलं, त्यात मोटर आणि ईएससी एकाच डब्यात येतात. सगळ्यात जास्त खर्च इथेच झाला. पण आता मोठ्या दगडाच्या कडेवरून चाक खाली टेकवायचं असेल तर ते बोटभर खाली आणून मी थांबवू शकतो, पुढचा टेकू बघू शकतो आणि मग पुढचं बोटभर. ज्याला उतरणीचीच आवड आहे, त्याने हा खर्च जरूर करावा.

उलटण्याचा भाग वेगळा, तो वजनाचा. गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलच्या १५ सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून १० सेंटिमीटर उंच असेल, तर ५६ अंशांच्या आसपास ती उभ्या उभ्याच पुढे कलंडते. ब्रेक झटक्याने लागला तर त्याही आधी. चढण्यासाठी लोक पुढे वजन भरतात, त्याने गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि उतरताना तोटा होतो. वजन घालायचंच तर ॲक्सलच्या उंचीला, म्हणजे चाकाच्या आत. इंदूरच्या पोलोग्राउंडला एका खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, नमुन्याची रिम घेऊन गेलो. त्याने कॅलिपर लावलं, रिम उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “भिया, छेद आर-पार चाहिए क्या?” पितळेच्या चार कड्या त्याने फार सुबक करून दिल्या. बॅटरीही चेसिसच्या खालच्या बाजूला आणली. ब्रेक किती झटकन लागावा याची सेटिंग ईएससीत असेल तर ती थोडी सौम्य करावी.

पावसाळ्यात दगडांवर हिरवा थर येतो तेव्हा हिशेब उलटतो. चाकं जवळजवळ थांबतात आणि गाडी घसरगुंडी करत खाली जाते, स्टिअरिंगही लागत नाही. अशा वेळी मी ड्रॅग ब्रेक सत्तर टक्क्यांच्या आसपास आणतो आणि ट्रिगर किंचित दाबून चाकं फिरती ठेवतो. तेवढ्याने पुढची चाकं वळवलेल्या दिशेला जायला लागतात. थर फार जाड असेल तर तो दगड सोडून शेजारचा धरतो.