सुओ-ओशिमा: नवऱ्याच्या पणजोबांचं गाव आणि तिथली माणसं

माझ्या नवऱ्याचे पणजोबा यामागुची प्रांतातल्या सुओ-ओशिमा बेटावरून हवाईला उसाच्या मळ्यात कामाला आले. 1885 ते 1894 या काळात सरकारी करारावर जपानमधून सुमारे 29,000 माणसं हवाईला आली. त्यांतली पुष्कळ हिरोशिमा-यामागुचीकडची होती, आणि या एका बेटानंही भरपूर माणसं पाठवली. आम्ही होनोलुलूत राहतो. आजेसासूबाई होत्या तोवर गावाशी पत्रव्यवहार होता, त्या गेल्या आणि तो थांबला. आता आम्ही ते घर शोधून, माणसांना भेटून आलोय. अशा घरात लग्न होऊन गेलेल्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधाला सुरुवात जपानमध्ये करू नका, आधी स्मशानभूमीत जा. हवाईतल्या मळ्यांजवळच्या जुन्या जपानी थडग्यांवर नुसतं नाव नसतं, प्रांत, तालुका आणि गावही कोरलेलं असतं. आमच्या पणजोबांचा दगड कवाई बेटावर आहे. साध्या पाण्यानं धुवायचा, घासायचा नाही, आणि ऊन तिरपं असताना फोटो काढायचा. कोरीव अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. नावाची खरी जपानी अक्षरं हाती लागणं फार महत्त्वाचं. रोमन लिपीतल्या एकाच आडनावाची जपानीत चार रूपं निघू शकतात आणि तेवढ्यावर पुढे काहीच हलत नाही. गावाचं नावही आजच्या नकाशावर सापडेलच असं नाही. सुओ-ओशिमा ही आजची नगरपालिका 2004 मध्ये चार गावं एकत्र करून झाली, आणि त्याआधीही अशी एकत्रीकरणं झाली होती.

पुढची पायरी कोसेकी, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंदवही. तिची नक्कल थेट वंशजाला मिळते, नागरिकत्व जपानी नसलं तरी. मात्र आपण वंशज आहोत हे सिद्ध करावं लागतं: नवऱ्याचा जन्मदाखला, सासऱ्यांचा, आजेसासऱ्यांचा, अशी साखळी पणजोबांपर्यंत जोडायची आणि सोबत जपानी भाषांतर द्यायचं. जुन्या, बंद झालेल्या नोंदींची नक्कल 750 येनला मिळते. टपालानंही मागवता येते, पण परदेशातून पैसे कसे भरायचे हे नगरपालिकेच्या ऑफिसला आधी विचारा. बंद नोंदी आता 150 वर्षं ठेवतात; 2010 पर्यंत ही मुदत 80 वर्षं होती आणि तेवढ्यात काही ठिकाणच्या नष्टही झाल्या. ओकिनावाच्या मुख्य बेटावरचे पूर्वज असतील तर काम अवघड आहे, तिथल्या बहुतेक नोंदी 1945 च्या लढाईत जळाल्या.

आम्ही ऑफिसात स्वतः गेलो. उन्हाळ्यात तिथले कर्मचारी अलोहा शर्ट घालतात, हवाईशी असलेल्या नात्याची आठवण म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी नक्कल पुढे ठेवली. ब्रशनं लिहिलेले उभे रकाने, आणि जो मेला किंवा घरातून वेगळा झाला त्याच्या नावावर फुली. जुन्या पद्धतीच्या नोंदीत पूर्ण घर एकत्र असतं, त्यामुळे पणजोबांच्या खाली त्यांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं, सगळे ओळीनं होते. कडेच्या रकान्यात आजेसासऱ्यांचा जन्म होता, हवाईत, कवाई बेटावर. मळ्यावर बारा महिने राबणाऱ्या माणसानं मुलगा झाल्याचं आठवणीनं गावी कळवलं होतं. नवरा बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसला होता.

इथवर सगळं कागदाचं काम. जिवंत माणसांचा पत्ता मात्र ऑफिस देत नाही. आम्हाला रस्ता मिळाला तो देवळातून. या भागात जोदो शिन्शू पंथ मोठा आहे, आणि घराण्याचं बौद्ध मंदिर पिढ्यान्‌पिढ्या एकच असतं. तिथल्या पुरोहितांकडे मृतांची वही असते, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आपल्या वंशावळीचे चोपडे असतात तशी. पण ती वही बघायला मागू नका. जुन्या नोंदींवरून जातीसारखा भेदभाव व्हायचा, म्हणून ती बाहेरच्यांना दाखवत नाहीत. नावं लिहून द्या, पुरोहित स्वतः बघून सांगतात. आमचं पत्र त्यांनीच त्या घरी पोचवलं.

त्या पत्राबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळं त्यावरच ठरतं. शंभर वर्षांनी कुणी परदेशी नातेवाईक नोंदवही घेऊन दारात उभा राहिला, तर घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो जमिनीचा. एप्रिल 2024 पासून जपानमध्ये वारसानोंद सक्तीची झाली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या न फिरलेली नावं आता निस्तरली जाताहेत. म्हणून दुसऱ्याच वाक्यात स्पष्ट लिहा की घर, जमीन, पैसा यातलं आम्हाला काही नको. फक्त भेटायचंय आणि थडग्यापाशी नमस्कार करायचाय. पत्र जपानीत लिहून घ्या, नातं दाखवणारा साधा तक्ता आणि जुन्या फोटोंच्या प्रती जोडा. उत्तराची घाई करू नका, आम्हालाही ते बऱ्याच उशिरा आलं. आणि न कळवता दारात जाऊ नका.

हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या साध्या गाडीनं ओबाताके स्टेशन, तिथून पूल ओलांडून बेटावर. बस आहे पण फेऱ्या विरळ, म्हणून गाडी भाड्यानं घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना निघतानाच काढून न्या, जपानमध्ये गेल्यावर मिळत नाही. 13 ते 16 ऑगस्टला ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा सण असतो, तेव्हा रेल्वे खचाखच भरते. त्याच्या आधीचा आठवडा उत्तम, कारण तेव्हाच घरोघर थडग्यांची साफसफाई चालते. हवाई स्थलांतराचं संग्रहालय पाहायला अर्धा दिवस ठेवा. अमेरिकेत कमावून परतलेल्या एका माणसाच्या जुन्या घरात ते आहे.

धाकट्या भावाच्या नातसून, आम्ही त्यांना ओबासान म्हणायचो, ऐंशीच्या पुढच्या. आम्ही नेलेला कॉफीचा पुडा त्यांनी आधी घरातल्या बुद्धाच्या देव्हाऱ्यापुढे ठेवला, घंटी वाजवली, मग आमच्याकडे वळल्या. या पंथात उदबत्ती उभी खोचत नाहीत, मोडून राखेवर आडवी ठेवतात, ते त्यांनीच मला दाखवलं. नवऱ्याचं जपानी आजीकडून ऐकलेलं, तोडकंमोडकं, पण ती याच बाजूची जुनी बोली. ते ऐकून ओबासान हसायला लागल्या आणि मग थांबेचनात. दुसऱ्या दिवशी डोंगरउतारावरच्या संत्र्यांच्या बागेमागे आम्ही त्यांच्या मुलाबरोबर गवत काढलं, बादलीतून पळीनं दगडांवर पाणी घातलं. कुठल्या दगडाखाली कोण, हे ओबासान छत्रीच्या टोकानं सांगत होत्या. मुलालाही त्यातली निम्मी नावं ठाऊक नव्हती, तो फोनवर टिपून घेत होता.

म्हणून जायचं असेल तर लवकर जा. बेटावरची निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. सांभाळायला कुणी उरलं नाही की थडगं रीतसर बंद करून अस्थी दुसरीकडे हलवतात, आणि मग गाव असूनही दाखवणारं कुणी नसतं.

भेटवस्तू लहान आणि सुट्या वेष्टनातल्या न्या, म्हणजे शेजारीपाजारी वाटता येतात. महाग काही दिलंत तर परतफेडीचं ओझं त्यांच्यावर पडतं. मुक्कामाचा आग्रह झाला तरी पहिल्या भेटीत हॉटेलातच राहा. परतल्यावर फोटो छापून टपालानं पाठवा, ओबासानसारख्यांना फोनवर पाठवलेले चालत नाहीत. डिसेंबरात नववर्षाचं कार्ड टाका. मात्र त्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल तर ते टाळून जानेवारीच्या अखेरीस साधं खुशालीचं पत्र लिहा.