एआयएसचा अँटेना काठीवर चढला: जयगडजवळच्या सड्यावरून

आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) खिडकीत ठेवून जहाजांचे एआयएस सिग्नल शोधायचा टप्पा संपला. एआयएस म्हणजे जहाजं आपलं नाव आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवतात ती यंत्रणा. अँटेना आता घराबाहेर काठीवर आहे, आणि जयगडच्या बंदराबाहेर नांगरून पडलेली जहाजं नकाशावर नावानिशी दिसतात. आपल्या किनाऱ्यावर या कामात रेडिओ जेवढा सांभाळावा लागतो तेवढीच खारी हवाही, म्हणून या वेळी तिच्याबद्दल जास्त लिहितोय.

अँटेना साधा ग्राउंड प्लेन प्रकारचा आहे: मध्ये एक उभा रॉड, खाली चार तिरपे. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालतं. तरंगलांबी १८५ सेंटिमीटर, तिचा पाव भाग ४६, त्यातून पाचेक टक्के वजा करून उभा रॉड ४४ सेंटिमीटरचा कापला. खालचे चार रॉड थोडे लांब ठेवून ४५ अंशांत झुकवले, त्यामुळे इम्पीडन्स (सिग्नलला होणारा एकूण अवरोध) ५० ओहमच्या आसपास येतो. रॉड पितळी आहेत, गॅस वेल्डिंगवाले ब्रेझिंगला वापरतात तेच. सोल्डर छान धरतात आणि गंजत नाहीत. ॲल्युमिनियम मुद्दाम टाळलं. ते तांब्या-पितळेला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं, की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं.

केबल डिशची आरजी-६. ती ७५ ओहमची म्हणून बरेच जण कचरतात, पण ५० आणि ७५ च्या फरकाने होणारं नुकसान ०.२ डेसिबलच्याही आत असतं. उलट तेवढ्याच लांबीच्या ५० ओहमच्या आरजी-५८ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला दुप्पट सिग्नल जिरतो. शिवाय आरजी-६ तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते.

उंचीचा हिशोब मात्र मन लावून करा. आपल्या आणि जहाजाच्या अँटेनाच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळं काढायची, बेरजेला ४.१२ ने गुणायचं, सिग्नलचा पल्ला किलोमीटरमध्ये येतो. आमचं घर सड्याच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळपठाराच्या, कडेला. काठीचं टोक समुद्रसपाटीपासून साधारण ६४ मीटरवर. जहाजाचा अँटेना २५ मीटरवर धरला तर आठ अधिक पाच, म्हणजे सुमारे ५४ किलोमीटर. यातला मोठा वाटा सड्याचा आहे. काठीने फक्त कौलांच्या आणि हापूसच्या कलमांच्या वर डोकं काढायचं. म्हणून लोखंडी मनोऱ्याच्या खर्चात न पडता माणगा बांबूची सरळ काठी घेतली आणि तीन बाजूंनी नायलॉनच्या दोरीने ताणून बांधली.

दोर ताणायला शेजारचे तांडेल काका आले होते. गाठी त्यांच्याच. वर बघत म्हणाले, “आमची होडी दिसात काय रे ह्येच्यात?” नाही दिसणार, कारण तिच्यावर एआयएस नाही. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. लहान होड्यांवर बहुतेक नसतं. भारतीय जहाज ओळखायचं तर त्याचा एमएमएसआय (जहाजाचा रेडिओवरचा ओळख क्रमांक) ४१९ ने सुरू होतो, हे काकांना दाखवलं. मग ते बराच वेळ लॅपटॉपसमोर बसून कुठलं जहाज नांगरावर आहे नि कुठलं चालतंय ते बघत राहिले. चालतं जहाज काही सेकंदांनी आपली जागा कळवतं, नांगरलेलं तीन मिनिटांनी.

आता खाऱ्या हवेचं. नवीन केबल ओढण्याआधी छपरावरची जुनी डिशची केबल सोलून पाहिली. कनेक्टरपाशी केबलमधली तारांची जाळी काळी-हिरवी, बोटाने चोळली की भुगा. पुढे हातभर आतपर्यंत तोच रंग. पाणी एकदा जाळीत शिरलं की वातीत तेल चढावं तसं सरकत जातं. म्हणून जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळली, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येऊन पाणी ओघळून जातं. त्यावर उन्हापासून बचावाला साधी काळी टेप. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. आणि केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी झोलावरूनच गळून पडेल.

पल्ल्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. उन्हाळ्यात जमिनीवरची कोरडी गरम हवा समुद्रावरच्या दमट हवेवर पसरली की सिग्नल त्या थरात अडकून क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते, ते याच कारणाने. माझ्याकडेही काही संध्याकाळी ५४ किलोमीटरचा हिशोब बाजूला राहतो आणि मुंबईकडची जहाजं यादीत येतात. अशा वेळी गेन (डोंगल सिग्नल किती वाढवून घेतो ते) वाढवू नका, उलट थोडा कमी करा. जोरदार सिग्नलांनी डोंगल लवकर भरून जातं आणि नीट ऐकू शकत नाही.

वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात विजा फार. ढग दिसले की केबल डोंगलपासून काढून खिडकीबाहेर ठेवतो, आणि मे अखेरीस काठीच उतरवणार आहे. पाऊस सरल्यावर रशियाच्या मेटिओर हवामान उपग्रहांसाठी १३७ मेगाहर्ट्झचा व्ही-डायपोल लावायचा आहे: दोन रॉड, प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या आसपास, मध्ये १२० अंश. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यामुळे त्या पट्ट्यात आता मेटिओरवरच भिस्त आहे. समुद्रकाठी कुणी असा डायपोल बारा महिने बाहेर ठेवला असेल, तर मधला जोड कसा बंद केला ते जरूर कळवा.